तुझ्यावरच हात बसला

अण्णा, तुम्ही आमच्या लेकीला सांभाळायला कोथरूडला येऊन राहिलात, त्या दिवसांबद्दल आपण नंतर कधी बोललोच नाही. ती तेव्हा दहा महिन्यांची होती. हे कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत, माझ्या प्रोजेक्टची तारीख तोंडावर आलेली, आणि तिला रोज सांभाळणाऱ्या मावशींचा सकाळीच फोन आला, गावाकडे आई पडली, मी निघाले म्हणून. पाळणाघरवाल्या बाई म्हणाल्या, "आधी आठवडाभर तासतासभर आणून बसवा. नवं मूल एकदम दिवसभर नाही ठेवून घेत आम्ही." सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. शेजारच्या काकूंनी एक दिवस ठेवली आणि संध्याकाळी हात जोडले, कारण पोरीनं रडून रडून दूधसुद्धा घेतलं नव्हतं. उद्या आला नाहीत तर तुमच्या जागी दुसरं कुणी बघावं लागेल, असं मॅनेजरनं मला सांगून टाकलं होतं.

तुम्हाला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. आई गेल्यापासून तुम्ही बिबवेवाडीत एकटेच राहत होतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस. तुम्ही मला कधी कडेवर घेतल्याचं मला आठवत नव्हतं. शाबासकी द्यायची तरी खांद्याला बोटं टेकवून लगेच काढून घ्यायचात. त्या रात्री फोनवर सहज अडचण सांगितली, तर म्हणालात, "सगळ्या पुण्याला विचारून झालं असेल, तर मी रिकामाच आहे."

सकाळी बसनं आलात. मी जीव मुठीत धरून ऑफिसला गेले. दुपारी फोन केला, पुन्हा केला, नुसता वाजत राहिला. तशीच उठले आणि रिक्षा करून घरी आले.

किल्लीनं दार उघडते, तर बाथरूममधून पाण्याचा आवाज येतोय. तुम्ही पाटावर बसलायत, पॅन्ट गुडघ्यांपर्यंत दुमडलेली, पाय समोर लांब सोडलेले, आणि त्या पायांवर माझी लेक पालथी. एका हाताचा आडोसा तिच्या कपाळाशी धरून दुसऱ्या हातानं तुम्ही तांब्यातून बारीक धार सोडताय, आणि विचारताय, "अहो बाईसाहेब, आपण जरा मान वर करता का?" आंघोळीला रोज घर डोक्यावर घेणारी ती पोर तोंडात मूठ घालून गप्प पडलीय.

"फोन का उचलला नाहीत?"

"ओल्या हातानं?"

"अण्णा, हे कुठे शिकलात तुम्ही?"

मागे न बघता तुम्ही म्हणालात, "तुझ्यावरच हात बसला."

मग तिला टॉवेलात गुंडाळून पुसता पुसता सांगितलंत. मी अशीच लहान असताना आईची कावीळ विकोपाला गेली आणि ती कितीतरी दिवस दवाखान्यात होती. तुम्ही रजा मागायला गेलात, तर साहेब म्हणाले, पोराबाळांचं घरातल्या बायका बघतील. "म्हटलं, घरात बाई एकच आहे, आणि तिला अजून दात यायचेत." चाळीतल्या बायका आधी हसल्या, मग त्यांनीच पायावर घ्यायला शिकवलं. तुम्ही बुद्धवंदना हळू लयीत म्हटलीत की मी झोपायचे म्हणे.

"मग आईनं कधीच कसं सांगितलं नाही?"

"ती घरी आली तेव्हा तू तिच्याकडे जाईनास. मला चिकटून आकांत करायचीस. ती मोरीत जाऊन रडली." तुम्ही लेकीच्या मानेच्या वळ्यांत पावडर लावत होतात. "मग मी तुला उचलायचं सोडलं. तू तिच्याकडे गेलीस. नंतर मात्र पुन्हा सुरू करायचं राहून गेलं."

मी ऑफिसच्या कपड्यांत, गळ्यात ओळखपत्र तसंच लटकवून, दारात उभी. ज्या हातांना मी आयुष्यभर कोरडे समजले, त्यांनी मला धुतलं, पुसलं, झोपवलं होतं, आणि मग दुसऱ्या कुणाला तरी आई होता यावं म्हणून ते मुकाट्यानं मागे झाले होते. एवढं मोठं काही आपल्या घरात घडलं होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. लेक तुमच्या खांद्यावर पेंगत होती.

"ऑफिस सुटलं का?" तुम्ही विचारलंत. मी परत गेले. संध्याकाळपर्यंत माझ्या हातून एकही चूक झाली नाही.

हे पत्र पाठवायचं नाहीये, म्हणून एक सांगून टाकते. आणखी आठवडाभर मावशींना यायला जमत नाही, असं मी तुम्हाला सांगितलं होतं ना? त्या यायला तयार होत्या, अण्णा. मीच त्यांना म्हटलं, राहा अजून आईजवळ, माझं इथे चाललंय.