कुवेतचा मालक आणि वरच्या मजल्यावरची भावंडं

बाबा, तुम्ही कुवेतहून कायमचे परत आलात तेव्हा मी नववीत होते. बॅगा अजून दारातच होत्या आणि तुम्ही ओट्याला टेकून आईला सांगत होतात, आजी गेली तेव्हा मालकाने ठेवून घेतलेला पासपोर्ट घरी यायला कसा दिला नाही, हात जोडले तरी हसत चहा कसा पुढे केला. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "अरबांवर कधी विश्वास टाकायचा नाही. तोंडावर हबीबी आणि पाठीत सुरी." मी विचारलं, "सगळेच तसे असतात?" तुम्ही तडकलात. "सहा वर्षं मी काढलीत तिथे. तू मला शिकवू नकोस." त्यानंतर तो विषय निघाला की मी गप्प बसायचे, पण वाक्य मात्र सोबत घेऊन आले, इथे जर्मनीत, एर्लांगेनपर्यंत.

आमच्या वरच्या मजल्यावर एक सीरियन बाई राहते. औषधांच्या दुकानात काम करते, जिन्यात भेटली की हसते. ती हसली की मी पर्स काखेत घट्ट धरायचे. सीरियातली राजवट कोसळली आणि दर शुक्रवारी तिच्याकडे पुरुषांचे चढे आवाज येऊ लागले. अरबी, टेबलावर मूठ आपटणं, मग एकदम शांतता. ती शांतता मला जास्त खुपायची. एका शुक्रवारी खालच्या जर्मन आजींनी मला जिन्यात थांबवलं. "तुमचे वडील अरबांमध्ये राहिले होते ना? तुम्हीच सांगितलं होतंत, ते कसे असतात ते. वर काहीतरी राजकारण शिजतंय. मी हाउसफेरवाल्टुंगला तक्रार करतेय, त्यांना घर सोडायला लावा म्हणून. तुमचं नाव घालू?" इमारत सांभाळणारी कंपनी अशा तक्रारी मनावर घेते. त्यांच्याकडे कॉफी पिताना मी सहज बोलून गेलेलं तुमचं वाक्य आता कोणाचं तरी घर घालवायला निघालं होतं. मी म्हटलं, "आधी मी वर जाऊन येते."

खरं सांगू? मी संशय फेडायला नाही, पक्का करायला गेले. दार तिनेच उघडलं, डोळे रडून लाल. आत तिचे दोन भाऊ दोन टोकांना बसलेले. तिने सांगितलं, थोरल्याला होम्सला, त्यांच्या गावी, परत जायचं होतं. धाकटा म्हणत होता, नवे सत्ताधारी जुन्यांपेक्षा बरे कशावरून? मी वेड्यासारखं विचारलं, "पण तुम्हा अरबांना एकंदरीत काय वाटतं?" ती म्हणाली, "कोणाला? याला की त्याला? मला विचारशील तर मला झोप हवी आहे." मग का कोण जाणे, मी तिला तुमच्या पासपोर्टचं सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या मामाचाही ठेवून घेतला होता. तिथेच, कुवेतमध्ये. तो माझ्या आजोबांच्या मातीला पोचू शकला नाही."

बाबा, तो मामा अरबच होता. तुम्ही आणि तो कदाचित एकाच रांगेत उभे राहिला असाल, आणि तुम्ही त्यालाही मालकातच धरलं असेल.

खाली येऊन मी आजींना सांगितलं, "भावाभावांचं भांडण आहे. माझं नाव घालू नका." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जा, जा. तुम्ही लोक एकमेकांना सांभाळून घेणारच." दार लावून घेतलं. तक्रार त्यांनी एकटीने केली. वरच्यांना आवाजाबद्दल एक ताकीद आली, त्यापुढे काही झालं नाही. वसंतात थोरला होम्सला गेला. धाकटा इथेच आहे.

हे पत्र तुम्ही हयात असतात तरी मी पाठवलं नसतं, तुम्ही तडकला असतात. आणि एक कबूल करते. त्या धाकट्याचा मला अजून भरवसा वाटत नाही. तो अरब आहे म्हणून नाही, माणूसच लबाड वाटतो, असं मी स्वतःला सांगते. खात्री मात्र नाही.