तीन इलेक्ट्रॉन व्होल्टचा फरक

३ जानेवारी
आजपासून कमी बोलायचं, जास्त मोजायचं.
एकाच रेणूच्या ऊर्जा-पातळ्या दोन पद्धतींनी काढून तुलना करायची आहे. माझी पद्धत: क्ष-किरण मारायचे, इलेक्ट्रॉन बाहेर काढायचा, वेगावरून तो किती घट्ट धरलेला होता ते ठरवायचं. म्हणजे थेट घरच्या माणसालाच विचारणं. शेजारच्या खोलीतली एक्स-रेवाली रेणूतून निघालेले क्ष-किरण मोजते. त्यातून फक्त दोन पातळ्यांमधलं अंतर कळतं; एक पातळी पुस्तकातून घ्यायची आणि बाकीच्या हिशेबाने. मुलगी कष्टाळू आहे, पण पद्धतच उसनी.

१९ जानेवारी
पावडर चिकटवायची कार्बन टेप संपली. एक्स-रेवालीकडे आहे. पण तिच्यापुढे हात पसरायचा? ऑफिसातली साधी टेप लावली. टेप ती टेप.

२ फेब्रुवारी
शोध लागला! माझी प्रत्येक पातळी तिच्यापेक्षा तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट खोल; इलेक्ट्रॉन तेवढ्या ऊर्जेने जास्त घट्ट धरलेला. म्हणजे तिचं यंत्र चुकतंय. मॅडमना लगेच सांगितलं. आमच्या दोघांच्या गाईड आहेत, त्यांना कळायला हवंच. त्यांनी तिचा पेपर थांबवला. तिची नोकरीची मुलाखत जवळ आलीय म्हणे. वाईट वाटलं. पण विज्ञानात भीडभाड नसते.
बायकोला बक्षिसाबद्दल सूचक बोललो.

११ फेब्रुवारी, दुपारी
एक्स-रेवाली आली. तुमच्या पातळ्यांमधली अंतरं माझ्याशी जुळतात का, असं विचारलं. तो मुद्दा गौण आहे म्हणालो. तरी पाहिलं. जुळतात. सगळी.
मग तिने हळूच विचारलं, "दादा, सॅम्पल कशावर चिकटवलं होतं?"

११ फेब्रुवारी, संध्याकाळी
साध्या टेपमधून वीज जात नाही. इलेक्ट्रॉन निघून गेले, भरपाई झाली नाही, पावडरीवर धन भार साचला आणि मागून निघणाऱ्यांना तो खेचत बसला. म्हणून सगळेच तीनने जास्त घट्ट. पहिल्या वर्षाच्या पोरांना हे मीच शिकवतो.
लाज वाटतेय. उद्या सकाळी आधी मॅडमकडे.

१२ फेब्रुवारी
मॅडम मीटिंगमध्ये.

१३ फेब्रुवारी
मॅडम मोकळ्या होत्या. पण चिडलेल्या दिसल्या. चिडलेल्या माणसाला सत्य सांगणं म्हणजे सत्यावरच अन्याय.

१६ फेब्रुवारी
नीट टेप लावून परत मोजलं. तंतोतंत जुळलं. आता आकड्यांसकट सांगेन, ते जास्त शास्त्रीय.

२० फेब्रुवारी
मॅडमनी दोघांना बोलावलं. माझे नवे आकडे पाहून खूश झाल्या. पेपर आजच पाठवा म्हणाल्या. मग विचारलं, चूक कोणाला सापडली?
मी सगळं पाठ करून गेलो होतो. टेप, मत्सर, माफी, सगळं. तोंडातून निघालं, "आम्हाला सापडली."
एक्स-रेवालीने माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी माझी पाठ थोपटली, स्वतःचं काम तपासायला मोठं मन लागतं म्हणाल्या.
तिची मुलाखत काल होऊन गेली. पेपराशिवाय. कशी झाली, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.
घरी सांगितलं, मॅडमनी कौतुक केलं. बायको म्हणाली, "मग जेवत का नाहीस?"