पाच नंबरच्या वाफ्याला बादलीभर

१० फेब्रुवारी
प्रयोग सुरू. भाताचे सहा वाण, दोन पद्धती. डावीकडे नेहमीसारखं साचलेलं पाणी. उजवीकडे बचत: जमिनीत पुरलेल्या नळीतलं पाणी वीतभर खाली गेल्याशिवाय थेंबही द्यायचा नाही. कुठला वाण कुठल्या वाफ्यात, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. यादी माझे गाईड गिरीराज सर यांच्याकडे, बंद पाकिटात. पक्षपात नको म्हणून. सहावा वाण बाबांनी गावाहून पाठवलेला. मला सगळे सारखेच. घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे, भावनेत वाहणार नाही.

२ मार्च
उजवीकडचा पाच नंबर आमचाच. पान बघून ओळखलं. रक्तातच आहे.

१४ मार्च
पाच नंबरला भेगा. बाबा फोनवर म्हणाले, आपला भात पहिला आला की एसटी डेपोत पेढे. त्यांच्या सगळ्या कंडक्टर मित्रांना सांगून झालंय. एक बादली ओतली. खाटेएवढा तर वाफा.

१५ मार्च
कालची शेवटची होती. आजची ऊन फार म्हणून.

८ एप्रिल, सकाळी
मी राहते त्या व्हाइटफील्डच्या पीजीत दोन दिवस टँकर नाही. आंघोळ न करता शेतावर. पाच नंबरने मात्र केली. शेजारचा चार नंबर पार वाळलाय. वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम.
लावणीपासून कामाला असलेली यल्लव्वा म्हणाली, अक्का, या एकाच वाफ्यात दव पडतं का गं? म्हटलं, जागा उताराची आहे. सरी, म्हणजे तिच्या कन्नडमध्ये बरं, म्हणाली, आणि कितीतरी वेळ उतार शोधत राहिली.
वहीत लिहिलं: नळीप्रमाणेच पाणी. बादलीला रकाना नाहीच.

२६ मे
कापणी. उजवीकडे पाच नंबर पहिला. सर खूश. शनिवारी शेतकऱ्यांना मीच सांगायचं की याला पाणी कमी लागतं. बाबांना कळवलं. पेढे वाटून झाले.

२९ मे
पाकीट उघडलं. पाच नंबर आमचा नाहीच. आमचा चार. शेवटून पहिला.
खबर आधीच पसरलीय, अकरा शेतकऱ्यांनी पाच नंबरचं बी मागितलंय. सगळ्यांच्या बोअरवेल आटत आलेल्या.

३० मे
सरांना बादलीचं सांगितलं. त्यांनी निकालाचा कागद पुढे ओढला. मग पाच नंबरवर रेघ मारली. म्हणाले, उद्या शेतकऱ्यांसमोर हेच सांग, असंच. यल्लव्वा दारात होती. माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी बाबांना फोन केला. आपला शेवटचा आला म्हटलं. त्यांनी विचारलं, थोडं जास्तीचं पाणी तरी देत होतीस ना त्याला?
नाही, मी म्हणाले. अख्ख्या हंगामातलं माझं पहिलं खरं उत्तर.