वळणावर उलट्या अंगाला

प्रिय दादा,

मी तुझ्यावर रागावलोय. चार वर्षं तुझ्या फोटोपुढे नुसते हात जोडले, तोंडातून चकार शब्द काढला नाही. पण आज आबांना तुझ्या फटफटीवर मागे बसवून पालीच्या वैद्याकडे नेऊन आणलं, आणि आता गप्प राहणं जमत नाही.

मुंबईहून बोटीनं आणून ती वल्ह्याच्या पडावातून बंदरावर उतरवलीस, तो दिवस आठवतो? अर्धा मिरकरवाडा जमला होता. आबा तेवढे घरात बसून राहिले. "घोडा नाय, गाडी नाय, ह्या कसलां वाहन?" म्हणाले. आणि पहिल्यांदा मागे बसवलंस ते मला! किती मिरवलो मी!

मग वळणं आली. डावं वळण आलं की पाय ठेवायची लोखंडी फळी जमिनीवर खरडायची. एकटा असलास की असा आवाज कधी यायचा नाही. मला घेतलंस की हमखास. मग तू ओरडायचास, "गप बस रे मागे! हलू नको!"

अरे, पण मी कुठं हलत होतो? गाडी डावीकडे कलली की मी उजवीकडे रेलायचो, एवढंच. मला वाटायचं, मी तुला सावरतोय! तू ओरडलास की मी आणखी जोर लावायचो. तुझ्यासारखा हुशार माणूस, जहाजाच्या इंजिनावर काम केलेला. 'शिवा, मी कलतो तिकडंच तू कल,' हे एकदा गाडी उभी करून सांगायला तुझं काय जात होतं? की तुलाही कळलं नव्हतं?

हातखंब्याच्या उतारावरल्या डाव्या वळणाला फळी जांभ्या दगडात रुतली, मागचं चाक उचललं गेलं, आणि गाडी तुझ्या अंगावर. मी बाजूच्या शेतात पडलो, माझं खरचटण्यावर निभावलं. तू तीन दिवस होतास. त्या तीन दिवसांतही त्याबद्दल बोलला नाहीस! "शिवाला लागलां नाय ना?" एवढंच पुनःपुन्हा. त्याचाही मला राग येतो.

सगळ्यांनी फटफटीला दोष दिला. आबांनी तिच्यावर जुनं जाळं टाकलं, हात लावायची कोणाची छाती नव्हती. माझ्यामुळंच काहीतरी झालं, असं मला आतून वाटायचं, पण काय ते उमगत नव्हतं. यंदा आबांचा गुडघा धरला, बैलगाडीचे हिसके सोसेनात, तेव्हा मीच भांडून ती बाहेर काढली आणि चालवायला शिकलो.

आज परतताना तेच वळण. मी गाडी कलवली, आणि आबा मागे झटकन उजवीकडे रेलले. फळी खर्रकन घासली. माझ्या तोंडून काय निघावं? "गप बसा मागे!" तुझेच शब्द, दादा! वेग कमी होता म्हणून वाचलो.

गाडी उभी करून मागे बघितलं, तर आबा अजून तसेच रेललेले. अगदी होडीत बसावं तसे. वाऱ्यानं होडी कलली की उलट्या अंगाला भार द्यायचा, हे तर आपण अक्षरं गिरवायच्या आधी शिकलो!

"आबा, होडीत नाय बसलाव आपण," मी म्हटलं. "गाडी कलेल तिकडंच कलायचां. उलट रेललात तर मला ती आणखी कलवावी लागते, नि फळी टेकते."

जन्मभर होडीवर तांडेलकी केलेला माणूस, लगेच समजला. वळणाकडे बघत राहिला.

"म्हंजे तेव्हा तू पण...?"

मी होकाराची मान हलवली. वाटलं, आता कानाखाली बसते.

"नि तुला ह्या शिकवलां कोणी? मीच ना?"

मी गाडी सुरू केली. ते सरळ होऊन बसले. पुढच्या डाव्या वळणाला माझा खांदा धरून माझ्याबरोबर कलले, आणि फळी टेकली नाही. इतकं सोपं होतं, दादा! इतकं सोपं!

घरी आल्यापासून ते जेवलेले नाहीत. आता मी कोणावर चिडू, तूच सांग.

यापुढे माझ्या मागे कोणीही बसो, गाडी सुरू करायच्या आधी त्याला नीट सांगेन, ओरडणार नाही. आणि आबांना रोज सांगेन की त्या दिवशी रेललो होतो मी, ते नाहीत. त्यांना पटेपर्यंत सांगेन.

तुझ्या मागे बसणारा,
शिवा