सात नंबरचं पातं

१२ मे
देवासची टेकडी, सात नंबर पवनचक्की. मी आणि देवीसिंग दोराच्या पाळण्यात. अकरा वर्षांची जोडी. काम नेहमीचंच: छोट्या हातोडीनं पात्यावर ठोकत खाली यायचं. काचेच्या कापडाचे थर रेझीननं नीट चिकटलेले असले की आवाज टणक. आत सुटले असले की बद्द. टोकाजवळ देवीसिंग थांबला. "भिया, यहाँ आवाज बैठ री है." मी दोनदा ठोकून पाहिलं. मला सारखाच वाटला. म्हटलं, चल पुढे. सही माझी, म्हणून शब्द माझा.
खाली चौकीदार रामरतननं शेंगा भाजून ठेवल्या होत्या. गरम होत्या.

१४ मे
घरी बायकोनं, नंदानं, कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितल्या होत्या. एकही ऐकू आली नाही. डाळ करपली. "लक्ष कुठं असतं तुमचं?" लक्ष होतं. दिवाळीपासूनच कान असे... डॉक्टरकडे जात नाही. कान गेले की काम गेलं.

२९ मे
सात नंबरचं पातं तुटलं. दुपारी, वारा जोरात असताना. टोकाचा तुकडा रामरतनच्या पत्र्याच्या खोलीवर पडला. तो आत जेवायला बसला होता.
गेला.

३१ मे
लोहारद्याला त्याच्या घरी. बायको गीताबाई. "आप वोई ना, जो ऊपर ठोकते हो? भोत नाम लेते थे आपका." पाणी आणून दिलं. मी प्यायलो. कसं प्यायलो, कोण जाणे.

३ जून
कंपनीचे साहेब म्हणतात, वीज पडली असणार. त्या दिवशी आभाळ कोरडं होतं! तुटलेले तुकडे धार शहराजवळच्या कंपनीच्या शेडमध्ये नेलेत. अहवाल लिहायला मलाच पाठवलं, जुना माणूस म्हणून.
पातं कापल्यासारखं उघडं पडलेलं. दोन्ही बाजूंना काचेचे थर, मध्ये हलकं बाल्साचं लाकूड. थरांत नख जाईल एवढी फट. आत पांढुरकं, कोरडं. जळल्याची खूण कुठंच नाही. बऱ्याच दिवसांचं सुटलेलं.
फटीवर ठोकलं. मग शेजारी, चांगल्या भागावर. पुन्हा फटीवर.
मला दोन्ही एकच.
तिथंच जमिनीवर बसून राहिलो.

४ जून
देवीसिंग घरी आला. "भिया, उस दिन सुनाई नी दिया था न तुमको?" मी मान हलवली. तो रडायलाच लागला. "मैं जोर दे के क्यों नी बोला..." म्हटलं, तू बोलला होतास रे. थोड्या वेळानं डोळे पुसून म्हणाला, "बिजली लिख दो. नौकरी जाएगी तुम्हारी, और रामरतन तो आने से रिया."
रात्रभर तेच डोक्यात. लिहून टाकावं वाटलं. खरंच वाटलं.

७ जून
कान तपासले. उजवा अर्ध्याहून जास्त गेलेला, डावाही उतरलाय. नंदाला सगळं सांगितलं, रामरतनसकट. मला वाटलं, आता काहीतरी धीराचं बोलेल. विचारलं ते असं: "दिवाळीपासून अशी आणखी किती पाती तपासलीत तुम्ही?"
हे माझ्या मनातच आलं नव्हतं. डायऱ्या काढून मोजली. एकतीस. ती पाती असलेल्या दोन पवनचक्क्यांखाली तर बाया रोज गुरं चारतात.

९ जून
अहवाल दिला. वीज नाही, थर सुटलेले होते, देवीसिंगनं सांगितलं होतं, मला ऐकू येत नाही हे मी लपवलं. खाली एकतीस पात्यांची यादी. पुन्हा तपासेपर्यंत त्या पवनचक्क्या बंद ठेवा, असं.
साहेबांनी दोनदा वाचला. घडी घालून खणात टाकला. "आप घर जाइए, कल बात करते हैं."
"आधी बंद करा," मी म्हटलं. "मग बोलू." मराठीतच बोललो. त्यांना कळलं.
खिडकीतून टेकडी दिसत होती. वारा सुटलेला, सात नंबर सोडून सगळ्या पवनचक्क्या फिरत होत्या. साहेब फोन हातात घेऊन माझ्या जाण्याची वाट बघत राहिले. मी खुर्चीवरून उठलो नाही.