स्टीलचे दोन ग्लास

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ६.१०
यंदा संकल्प एकच. तनुजाला लातूरहून परत आणायचं, याच महिन्यात. (पाचला उठायचाही संकल्प होता. तो उद्यापासून.)

परिस्थिती लिहून ठेवतो, म्हणजे डोकं शांत राहील. पूनमच्या नीटच्या ट्यूशनसाठी मायलेकी लातूरला रूम करून राहिल्या. दोन वर्षं. पूनमचा मेडिकलला नंबर लागला, पोरगी संभाजीनगरला होस्टेलवर गेली. म्हणजे लातूरचं काम संपलं. बायको मात्र तिथंच. आधी म्हणाली, रूमचे अकरा महिने भरायचेत. मग म्हणाली, दिवाळी होऊ द्या. आता घरमालकीण सिद्धम्मासोबत मेस काढली. ट्यूशनची बावीस लेकरं जेवतात म्हणे, त्यांना उपाशी टाकून कशी येऊ? अन् इथं मी काय पंचपक्वान्नं खाऊन राहिलो? अडीच वर्षं खिचडी.

माझी चूक काहीच नाही. दारू नाही, तंबाखू नाही, आवाज चढवत नाही. वीस वर्षांत एक भांडण नाही. म्हणजे कारण तिच्याच मनात, खोल कुठंतरी. त्याला शास्त्रीय इलाज पाहिजे.

३ जानेवारी, शुक्रवार
इलाज सापडला! रद्दीवाल्याकडे इंग्रजी पुस्तक मिळालं. सायंटॉलॉजी, अमेरिकेतला कुठलासा पंथ. त्यातलं ऑडिटिंग. वर पाच व्हिडिओ पाहिले, दोन पूर्ण.

पद्धत अशी. टेबलाच्या एका बाजूला ऑडिटर, समोर माणूस. माणसाच्या दोन्ही हातांत पत्र्याचे डबे, डब्यांना वायर, वायर मीटरला. ऑडिटर विचारतो, अमुक एक वेळ आठव. माणूस सांगतो. मनात गाठ असली की सुई हलते. मग ऑडिटर विचारतो, याच्या आधीची, अशीच एखादी वेळ? असं मागं मागं जायचं. मुळाशी पोचलं की गाठ सुटते, सुई मोकळी तरंगते, माणूस हसतो. सेशन खतम.

शिकायला लोकांना वर्षं लागतात. मला महिना पुरे. एमए सायकॉलॉजी, पहिलं वर्ष झालेलं आहे.

४ जानेवारी, शनिवार
आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधल्या नागसेनला विश्वासात घेतलं. त्यानं चित्र पाहिलं अन् म्हणाला, भाऊसाहेब, हे तर बारावीची पोरं करतात ते सर्किट हाय. मी ऑफिसात हेडक्लार्क, म्हणून भाऊसाहेब. गॅल्व्हानोमीटर, म्हणजे सुईचा मीटर, काढून दिला. अट एकच, चोवीस तारखेला प्रॅक्टिकल सुरू होतात, त्या सकाळी परत.

डब्यांचा प्रश्न आला. हिंगाची डबी प्लॅस्टिकची निघाली. शेवटी स्टीलचे दोन ग्लास घेतले. घरात तेवढेच उरलेत, बाकी भांडी लातूरला गेली. लग्नातले आहेत. वर कोरलेलं आहे, ‘चि. सौ. कां. तनुजाच्या विवाहानिमित्त मामाकडून सप्रेम भेट’. क्लिपा लावल्या. नागसेननं ग्लास धरले, मी त्याला चिमटा काढला. सुई हलली! मला रडूच आलं.

पाणी प्यायचं असलं की क्लिपा काढायच्या, एवढीच अडचण.

६ जानेवारी, सोमवार
ट्रेनिंग सुरू. ऑडिटरनं समोरच्याकडे नुसतं बघत बसायचं असतं. हलायचं नाही, हसायचं नाही, पापणी पाडायची नाही. मग समोरचा चिडवतो, टोचून बोलतो. चेहरा हलला की तो ओरडतो, फ्लंक! म्हणजे नापास. पुन्हा पहिल्यापासून.

लॅबमध्ये स्टुलावर बसलो. नागसेन बराच वेळ विचार करून म्हणाला, भाऊसाहेब, वहिनी लातूरला काहून राहून राहिल्या?

फ्लंक.

८ जानेवारी, बुधवार
आज आठ वेळा फ्लंक. सगळ्या वेळा वहिनीवरूनच. नागसेनला दुसरा विषय सुचत नाही काय? म्हणाला, दुसऱ्या कशानं तुमचं तोंड हलतच न्हाई. फ्लंक म्हणताना त्याला जास्तच मजा येऊन राहिली, असा माझा संशय आहे. शिपाई दारातून बघून गेला. आता स्टाफरूममध्ये बातमी आहे की आमची भांडणं झाली.

९ जानेवारी, गुरुवार. संध्याकाळी ७
तनुजाचा फोन. काहीतरी सांगायचं होतं म्हणाली. मी म्हटलं, बघू, रविवारी निवांत बोलू, आत्ता पापणी न पाडायची प्रॅक्टिस चालू आहे. बरं म्हणाली. मग ठेवला.

फोनवर फार कमी बोलते. गाठ खोल आहे.

१० जानेवारी, शुक्रवार
पास! नागसेन म्हणाला, वहिनी कधीच येणार न्हाईत. माझी पापणीसुद्धा हलली नाही. म्हणाला, भाऊसाहेब, लई झालं, आता तुमच्याकडं बघायला भ्या वाटून राहिलं.

ही कौतुकाची पावती समजतो.

१२ जानेवारी, रविवार
पहिलं खरं सेशन. शेजारच्या सुमनबाई. वय सत्तर, मला लेकरा म्हणतात, अधूनमधून भाकरी आणून देतात. नियमाप्रमाणे दाराकडची खुर्ची माझी. मीटर पुस्तकाआड, त्यांना सुई दिसू नये म्हणून. रात्री झोप झाली का, पोटभर जेवलात का, औषध-गोळी घेतली का, सगळं विचारलं. ग्लास हातात दिले. म्हणाल्या, रिकामेच देऊन राहिला, चहा तरी टाक बापा.

मोठ्यानं म्हटलं, सेशन सुरू! सुमनबाई दचकल्या. सुईपण.

मग विचारलं, मन दुखलं अशी एक वेळ आठवा. दीड तास बोलल्या. सासू, नणंद, मेलेली म्हैस, पुण्याचा लेक. मी मधे फक्त ‘ठीक’ आणि ‘धन्यवाद’. सल्ला द्यायचा नाही, कीव करायची नाही, स्वतःचं घुसडायचं नाही, हा ऑडिटरचा नियम. शेवटी भडाभडा रडल्या, मग हसल्या, पदरानं तोंड पुसलं. सुई तरंगली! जाताना माझ्या तोंडावरून हात फिरवला, म्हणाल्या, लेकरा, एवढं तर आमच्या मालकानंबी कधी ऐकलं न्हाई.

ऐकणं हा माझा जन्मजात गुण आहे. आजवर वापरायची संधी मिळाली नाही, एवढंच.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
सुमनबाईंनी गल्लीभर केलं. तिळगूळ द्यायला गल्लीतल्या कस्तुराबाई आल्या अन् सरळ खुर्चीत बसून ग्लास हातात घेतले. त्यांच्या मागं अजून दोघी. वैजनाथ लई ऐकून घेतो, असं चाललंय. तिघींच्याही सुया तरंगल्या.

तनुजाला फोन केला. सिद्धम्मानं उचलला. म्हणाली, अक्का पोळ्या लाटून राहिल्यात, हात पिठाचे हायत. मी म्हटलं, तिळगूळ घ्या, गोड बोला. ती म्हणाली, सांगते.

१५ जानेवारी, बुधवार
तनुजाच्या गाठीचं मूळ मी शोधलेलं आहे. भूकंप. त्र्याण्णव साली ती दहा वर्षांची, गाव औसा तालुक्यातलं. घर म्हटलं की भिंत अंगावर येणार, अशी भीती मनात बसलेली. म्हणून घरी येत नाही! लातूरची रूम म्हणजे तिच्या मनाला घर नव्हेच. ऑडिटरनं आधीच निष्कर्ष काढू नये असं पुस्तकात आहे, पण ते नवशिक्यांसाठी.

१७ जानेवारी, शुक्रवार
येणार आहे! परवा, रविवारी. म्हणाली, माळ्यावरचं मोठं पातेलं पाहिजे, मेसची लेकरं वाढली. चारच्या गाडीनं परत जाईन.

पातेलं हे निमित्त. वीस वर्षांची बायको आहे, मी ओळखत नाही काय?

घर झाडलं. चादर बदलली. पलंगाखाली तिची एक हेअरपिन सापडली, शर्टाच्या खिशात ठेवली. खरं लिहायचं तर भीती वाटून राहिली. रविवारी जमलं नाही तर पुढं काय, ते पुस्तकात नाही.

१९ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ५.३०
सगळं क्रमानं लिहितो.

साडेअकराला आली. बारीक झाली आहे, पण चेहरा बरा. आधी पातेलं काढलं. मग टेबल बघितलं, म्हणाली, अहो, हे काय करून राहिले तुमी? तेवढ्यात सुमनबाई आल्या, म्हणाल्या, बस गं माय, लई हलकं वाटतं. बसली.

विचारलं, झोप झाली का? जेवलीस का? माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, वीस वर्षांत हे पहिल्यांदा विचारलं तुमी. मी म्हटलं, नियम आहे.

ग्लास हातात घेतल्यावर कोरलेलं नाव वाचलं तिनं.

सेशन सुरू. कशाची नाराजी आहे का? ती न्हाई म्हणाली, सुई हाव म्हणाली. मी टिपलं. मग मुख्य प्रश्न, या घरात राहू नये असं वाटलं, अशी एक वेळ आठव. कागदावर ‘भूकंप’ हे हेडिंग आधीच घालून ठेवलं होतं.

ती म्हणाली, पूनम चार वर्षांची होती. मला अंगणवाडीची ऑर्डर आली होती. तुमाला दाखवली. तुमी म्हणाले, बघू. टीव्हीवर ठेवली. मी रोज फडकं मारताना उचलायची अन् पुन्हा ठेवायची. तारीख निघून गेली.

धन्यवाद. याच्या आधीची, अशीच एखादी वेळ?

पूनमच्या वेळी सातव्या महिन्यात आईकडं जायचं होतं. तुमी म्हणाले, गाड्यांना गर्दी हाय, बघू. नवव्यात गेले. एस्टीत उभी.

धन्यवाद. याच्या आधीची?

लग्न होऊन पाच दिवस झाले होते. माहूरला गेलो देवीला. मे महिना, पायऱ्या तव्यासारख्या. माझी चप्पल तुटली. मी म्हणाले, अहो, थांबा. तुमी म्हणाले, बघू खाली आल्यावर, अन् पुढं निघून गेले. मी तशीच चढले. पायाला फोड आले होते. तुमाला अजूनबी माहीत न्हाई.

धन्यवाद. भूकंपाचं काही?

भूकंपाचं काय? म्हणाली. भूकंपात तर माझ्या आबानं मला खांद्यावर घेतलं होतं.

अन् मग ती हसली. खळखळून. अशी मी तिला पूनमच्या बारशानंतर पाहिली नव्हती. सुई सुटली. डावीकडं, उजवीकडं, हलकी, हळू. इतकी सुरेख तरंगताना गल्लीतल्या कुणाचीच पाहिली नाही. हसतच म्हणाली, मी परत येणार न्हाई हो. हे मलाच आत्ता, बोलता बोलता कळलं.

मग हसू थांबलं. ग्लास धरून माझ्याकडं बघत बसली. बराच वेळ. मी पण बघत बसलो. पापणी जड झाली. कानात नागसेनचा आवाज घुमला, फ्लंक! पापणी हलू दिली नाही.

म्हटलं, धन्यवाद. तुझी सुई तरंगत आहे. सेशन समाप्त.

म्हणाली, बस? एवढंच?

सुई तरंगल्यावर ऑडिटरनं एक शब्दही जास्त बोलायचा नसतो. मी बोललो नाही.

ती म्हणाली, बरं. उठली. ग्लासांच्या क्लिपा काढल्या, मोरीवर ग्लास विसळले, पातेल्यात ठेवले. मेसला दोन कमी पडून राहिले, म्हणाली. मी पातेलं ऑटोपर्यंत नेऊन दिलं. जड होतं.

२० जानेवारी, सोमवार
तांत्रिकदृष्ट्या सेशन शंभर टक्के यशस्वी. एक चूक नाही. गल्लीत कुणाला विचारा.

दुपारी ऑफिसात सेशनची अकरा पानं टिपणं पुन्हा वाचायला घेतली. चपलेपर्यंत आलो. पुढं वाचवेना. तब्येत बरी नाही म्हणून हाफ डे टाकला.

२२ जानेवारी, बुधवार
कस्तुराबाई आल्या, सेशन पाहिजे म्हणाल्या. म्हटलं, ग्लास नाहीत. म्हणाल्या, ग्लास कशाला लागतात, तू नुसता बस की. मी बसलो नाही. दार लावून घेतलं.

२४ जानेवारी, शुक्रवार
प्रॅक्टिकल सुरू. गॅल्व्हानोमीटर परत केला. मोकळ्या क्लिपा बघून नागसेननं विचारलं, काय झालं? पोरं यायला वेळ होता. त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्यानं मधे एकदाही तोंड घातलं नाही. ती हसली, ती बघत बसली, इथपर्यंत आलो. मी धन्यवाद म्हटलं, ते सांगितलं.

नागसेननं मान खाली घातली. मीटरवरची धूळ बोटानं पुसत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, फ्लंक, भाऊसाहेब.

२६ जानेवारी, रविवार. दुपारी १
झेंडावंदन करून आलो. ठरवलं, आज बोलायचंच. कागदावर लिहून काढलं, ‘तनू, माझं चुकलं. चप्पल तुटली तेव्हा थांबायला पाहिजे होतं. तू येऊ नको, मीच येतो.’ चार वेळा मोठ्यानं वाचलं. पुस्तकातलं एक अक्षरही आठवलं नाही, हे चांगलं लक्षण.

फोन लावला. सिद्धम्मानं उचलला. पाठीमागं ताटांचा आवाज, लेकरांचा गलका. मग तनुजा आली. माझ्या आधी तीच बोलली. म्हणाली, बरं झालं फोन केला, मीच लावणार होते. रविवारी वाढायला माणूस न्हाई. तुमी येत जाता का रविवारचं? सकाळच्या गाडीनं या, जेवा, चार घास वाढा, संध्याकाळी जावा.

कागद हातात होता. तोंड उघडलं.

बघू, म्हणालो.

पलीकडं ताटं वाजत राहिली. कुणीतरी भाजी मागितली. तिनं फोन ठेवला.

दुपारी १.२०
पाणी प्यायला उठलो. ग्लास नाही. तांब्याच तोंडाला लावला, अर्धं पाणी शर्टावर सांडलं.