सूर्याच्या माथी मारलेल्या सतरा स्फोटांबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
पदवी व संशोधन विभाग,
विद्यापीठ कार्यालय.

विषय : माझी डॉक्टरेट रद्द करून सहसंशोधिकेचा फेटाळलेला प्रबंध पुन्हा तपासणीस घेण्याबाबत (अर्ज चौथा).

संदर्भ : माझ्या तिसऱ्या अर्जास आलेले आपले उत्तर, ज्यात माझे अभिनंदन केले आहे.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय निवेदन करते की, मला अभिनंदन नको आहे. पदवी परत करण्याचा छापील नमुना नाही, असे आपल्या कार्यालयाने तीनदा कळवले. म्हणून साध्या कागदावर लिहीत आहे.

१. माझा प्रबंध सूर्यावरील रेडिओ स्फोटांवर, म्हणजे तिथून अचानक उसळणाऱ्या रेडिओ लहरींवर, होता. एका अवकाशयानाच्या नोंदींत मला असे सतरा स्फोट सापडले, जे आधी कोणालाच दिसले नव्हते. दिसणार कसे? ते झालेच नव्हते. यानातली उपकरणे गारठू नयेत म्हणून एक हीटर ठरावीक वेळाने चालू होतो आणि त्याची खरखर यानावरच्या रेडिओत उमटते. हा रेडिओ सगळ्या वारंवारता एकदम ऐकत नाही, एकामागून एक ऐकतो. त्यामुळे ती खरखर आलेखावर तिरपी येते, आणि खरा स्फोटही तिरपाच येतो. मी तिरपी रेघ पाहिली आणि हुरळून गेले.

२. चूक कोणाच्याही हातून होते. माझे प्रकरण त्यापुढचे आहे. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारले की, हीटरचे वेळापत्रक ताडून पाहिले ना? मी धडधडीत "हो" म्हणाले. ते वेळापत्रक तेव्हा माझ्या टेबलावर न फोडलेल्या पाकिटात होते आणि त्यावर मी चहाचा कप ठेवत असे. पदवी मिळाल्यावर टेबल आवरताना ते फोडले. सतराच्या सतरा वेळा जुळल्या.

३. माझ्या शेजारी बसणारी सहसंशोधिका (वयाने मोठी, म्हणून आम्ही तिला ताई म्हणतो) दुसऱ्या यानाच्या नोंदी तपासत होती. तिथे त्या वेळांना काहीच नव्हते, आणि तिने तसेच लिहिले. मी पाकीट फोडल्यानंतर नवव्या दिवशी समिती बसली. इतके ढळढळीत स्फोट हिला सापडत नाहीत, तर हिचे कामच कच्चे, असे ठरवून तिचा प्रबंध फेटाळला. मी त्या खोलीत होते. सगळे माहीत असून मी मूग गिळून बसले. याची मला अतोनात लाज वाटते.

४. शुद्धिपत्रक जोडावे, असे आपण सुचवले. परंतु सतरातून सतरा गेल्यावर माझ्या प्रबंधात फक्त ऋणनिर्देश उरतो, आणि त्यातही ताईचेच आभार आहेत. तिच्या फेरनोंदणीची मुदत येत्या तीस तारखेला संपते. ती टळली तर तिची सहा वर्षे मातीत जातील.

५. परवा मी तिच्या घरी जाऊन सर्व कबूल केले. चांगली खरडपट्टी निघेल, अशी तयारी ठेवली होती. ती म्हणाली, "अगं, मी दोनदा डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही, आणि माझा विश्वासच बसेना."

तरी माझ्या पदवीचे काय करायचे ते सावकाश करावे. तिचे बरोबर होते, एवढे तिला आजच्या टपालाने लेखी कळवावे.

आपली नम्र व दोषी,
(स्वाक्षरी)
संशोधक विद्यार्थिनी, नोंदणी क्र. २१४
दिनांक : १९ मार्च

सोबत :
(अ) हीटरचे वेळापत्रक, चहाच्या डागासह.
(ब) मूळ पदवी-प्रमाणपत्र. आईने चौकटीत बसवले आहे. तिला अद्याप सांगितलेले नाही.